माहिती गळते कुठून? झेरॉक्सच्या दुकानापासून दारावरच्या कॅमेऱ्यापर्यंत

नाशिकमध्ये जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या आसपास किंवा कुठल्याही तहसील कचेरीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहा आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे बघा. व्हॉट्सॲप वेब उघडंच असतं. "या नंबरवर पाठवा" असं सांगितलं की गिऱ्हाईक आधारची पीडीएफ पाठवतं, प्रिंट निघते, पैसे दिले जातात, माणूस जातो. फाइल तिथेच राहते. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये आधार, पॅन, सातबारा, दहावीची मार्कशीट, पासबुकाचं पहिलं पान अशी रांग लागलेली असते, महिनोन्‌महिने. दुकानदाराच्या मनात वाईट काही नसतं. गर्दीत पुसत बसायला त्याला वेळ नसतो. पण उद्या तो कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला किंवा जुन्या बाजारात विकला गेला, तर त्याच्यासोबत शेकडो घरांची ओळखपत्रं जातात.

प्रायव्हसी म्हटलं की लोकांना हॅकर आठवतो आणि मग व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवून नेणारी सेवा), अँटिव्हायरस, क्लीनर ॲप यांवर पैसे जातात. घरातली बहुतेक माहिती मात्र आपण स्वतःच्या हातानं देतो: झेरॉक्सच्या दुकानात, बिलाच्या काउंटरवर, कर्जाच्या ॲपला आणि कॅमेरा बसवायला आलेल्या माणसाला. म्हणून खालचा क्रम जास्त गळतीकडून कमी गळतीकडे लावला आहे. एका रविवारी सकाळी बसलात तर तीन-चार तासांत सगळं होतं, आणि खर्च जवळपास शून्य.

आधारची झेरॉक्स

पूर्ण क्रमांक दिसणारी आधारची पीडीएफ कोणालाही पाठवू नका. मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा, 'डाउनलोड आधार' उघडा आणि डाउनलोड करण्याआधी 'मास्क्ड आधार'च्या चौकोनात खूण करा. बारा आकड्यांपैकी पहिले आठ झाकले जातात, शेवटचे चार तेवढे दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्याला जोडून जन्मवर्ष. इथे बरेच जण अडकतात, कारण आधारवर नाव जसं छापलं आहे तसंच धरावं लागतं. कार्डावर आडनाव आधी असेल तर आडनावाची चार अक्षरं घ्यायची. हा पासवर्ड ओळखीतला कोणीही दोन मिनिटांत ओळखू शकतो, त्यामुळे 'पीडीएफला पासवर्ड आहे' या भरवशावर ती फाइल फॉरवर्ड करू नका.

मास्क्ड आधारलाही मर्यादा आहे. त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो असतो, आणि स्कॅन केला की तो वाचता येतो. म्हणजे झाकला जातो फक्त क्रमांक. तरीही ते मोठं काम आहे, कारण खोटे अर्ज भरायला पूर्ण क्रमांक लागतो.

झेरॉक्स द्यायचीच वेळ आली तर तिच्यावर पेनानं लिहा: 'फक्त अमुक लॉजमध्ये मुक्कामासाठी, दि. अमुक'. हे कोपऱ्यात लिहिण्यात अर्थ नाही. कोपऱ्यावर कागदाची पट्टी ठेवून पुन्हा झेरॉक्स काढली की तुमचं लिखाण गायब. फोटोवरून, नावावरून, आडवं आणि मोठ्या अक्षरात लिहा. दुकानात पीडीएफ पाठवलीच असेल तर प्रिंट निघाल्यावर 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा. पण तेवढ्यानं त्या कॉम्प्युटरवर उतरलेली प्रत पुसली जात नाही. म्हणून डाउनलोड्समधून आणि मग रिसायकल बिनमधून फाइल काढायला तिथल्या माणसाला समोरच सांगा. नीट विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. 'व्ह्यू वन्स' इथे उपयोगाचं नाही. ते पीडीएफला चालत नाही आणि तसा पाठवलेला फोटो कॉम्प्युटरवर उघडत नाही.

सिंहस्थाच्या निमित्तानं पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरात लॉज, धर्मशाळा, घरगुती खोल्या भरतील आणि प्रत्येक ठिकाणी ओळखपत्र मागितलं जाईल. मुक्कामासाठी ओळखपत्र लागतं. ते आधारच असलं पाहिजे असं नाही. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा. सुप्रीम कोर्टाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर कुठल्याही खासगी व्यवसायानं आधारसाठी अडून बसणं बरोबर नाही. जे नाशिककर स्वतः खोल्या भाड्यानं देणार आहेत त्यांनाही एक विनंती. पाहुण्यांच्या कार्डांचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्या ग्रुपमध्ये साफसफाईला येणाऱ्या पोरापासून मेहुण्यापर्यंत सगळे असतात आणि प्रत्येकाच्या गॅलरीत तो फोटो आपोआप उतरतो. नोंदवहीत लिहा, झेरॉक्स घेतली तर कुलपात ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ही जपणूक माहिती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

आता बायोमेट्रिक लॉक. आधारला जोडलेल्या बँक खात्यातून आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर पैसे काढता येतात. खेड्यापाड्यात ही मोठी सोय आहे. पण दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्यावरून कृत्रिम अंगठा बनवून खाती रिकामी केल्याची प्रकरणं देशात नोंदली गेली आहेत. उपाय फुकट आहे: मायआधारवर किंवा एम-आधार ॲपमध्ये 'लॉक बायोमेट्रिक्स' चालू करा. बोटं, डोळे, चेहरा तिन्ही बंद होतात, ओटीपीची कामं चालू राहतात. नवं सिम घ्यायला जाताना तात्पुरतं उघडा, थोड्या वेळानं ते आपोआप पुन्हा बंद होतं.

घरातल्या आजी-आजोबांचं लॉक मात्र त्यांना न सांगता लावू नका. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा चालणार नाही आणि ३३० हा एरर येईल. दुकानदार 'बोट झिजलंय' म्हणेल, आजी तीनदा हात धुऊन येतील आणि शेवटी रिकाम्या हातानं घरी परततील. रेशनच्या दिवशी घरातल्या कोणीतरी लॉक उघडून द्यायचं, एवढं ठरवून ठेवा. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यालाही हेच लागू आहे. त्याच संकेतस्थळावर 'ऑथेंटिकेशन हिस्टरी'मध्ये गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे तपासला गेला ते दिसतं. अनोळखी वेळ दिसली तर १९४७ वर विचारा.

मोबाइल नंबर

कॉलेज रोडवर कपडे घ्या किंवा गंगापूर रोडला औषधं, काउंटरवर पहिला प्रश्न 'मोबाइल नंबर?' हाच असतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना स्पष्ट कळवलं आहे की नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असं म्हणता येणार नाही. "नंबर देत नाही, कागदी बिल द्या" एवढं पुरतं. एखाद्या ठिकाणी सिस्टिम पुढेच सरकत नाही असं सांगतात, तेव्हा काउंटरवरचा माणूस दुकानाचाच नंबर टाकून बिल काढतो. म्हणजे काम अडत नाही.

कुपनं, वेबसाइटची नोंदणी, जुन्या वस्तूंच्या जाहिराती यांसाठी दुसरं सिम ठेवणं चांगली युक्ती आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. त्या नंबरवर बँक, डिमॅट, गुगल खातं किंवा आधार असेल तर तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाणार. दुसऱ्या सिमवर यातलं काहीही जोडू नका. पहिल्या सिमवर यूपीआय आयडी बदला. बऱ्याच ॲपमध्ये तो सुरुवातीला मोबाइल नंबरच असतो, म्हणजे भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना नंबर जातो. ॲपच्या सेटिंगमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी तयार करून तो मुख्य करता येतो.

जाहिरातींचे फोन थांबवायला १९०९ वर इंग्रजीत 'स्टार्ट ०' असा एसएमएस करा. या 'डू नॉट डिस्टर्ब' म्हणजे डीएनडी नोंदणीमुळे अधिकृत टेलिमार्केटर थांबतात. साध्या दहा आकडी नंबरवरून 'हायवे टच एनए प्लॉट' विकणारे थांबत नाहीत. त्यांची तक्रार ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डीएनडी ॲपमधून करा, एकेका नंबरची. कंटाळवाणं आहे, पण नंबर खरंच बंद होतात. संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही याच बैठकीत बघून घ्या. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' असं कळवता येतं.

फोनच्या आत

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' किंवा 'सिक्युरिटी अँड प्रायव्हसी' उघडा आणि त्यात 'परमिशन मॅनेजर'. फोनच्या कंपनीप्रमाणे जागा बदलते. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत शब्द टाका. ॲपनुसार तपासत बसू नका, परवानगीनुसार तपासा, वेळ निम्मा लागतो.

आधी एसएमएस. ही परवानगी मेसेजचं ॲप, बँक आणि यूपीआय सोडून कोणालाही नको. मग कॉन्टॅक्ट्स: व्हॉट्सॲप, ट्रूकॉलरसारखं काही असेल तर ते (आणि ते हवंच का, याचाही विचार करा, कारण तुमच्या वहीतल्या माणसांना कोणी विचारलेलं नसतं), बाकी सगळे बंद. लोकेशन: नकाशा आणि कॅबला 'ॲप वापरताना फक्त', हवामानाला 'प्रिसाइस' काढून अंदाजे. हवामानाच्या ॲपला सिडको की सातपूर एवढं कळलं तरी पुष्कळ झालं, तुमची गल्ली त्याला कशाला? 'ऑल द टाइम' कोणाला दिलं असेल तर ते हरवलेला फोन शोधण्याच्या सोयीपुरतंच असावं.

सगळ्यात धोकादायक परवानगी या यादीत नसतेच. ती 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये असते. अंध किंवा अपंग वापरकर्त्यांसाठी केलेली ही सोय ॲपला स्क्रीन वाचू देते आणि तुमच्या वतीनं बटणं दाबू देते. व्हॉट्सॲपवर येणारी 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलन' किंवा 'पीएम किसान' नावाची फाइल एपीके (म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल) असेल तर ती नेमकी एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटी या दोनच गोष्टी मागते. लग्नपत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. एपीके कधीच नसते. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा आणि व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर या तिघांनाही 'नाही' करा. चुकून फाइल उघडून इन्स्टॉल झाली, तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर त्याच मिनिटाला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता येते, म्हणून 'आधी घरच्यांना विचारतो' यात अर्धा तास घालवू नका. ते ॲप बहुतेकदा अनइन्स्टॉल होत नाही, कारण ते 'डिव्हाइस ॲडमिन', म्हणजे फोनचा कारभारी, होऊन बसलेलं असतं. फोटो काढून घेऊन फॅक्टरी रीसेट हाच सरळ मार्ग आहे.

झटपट कर्जाच्या ॲपबद्दल एक नियम लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार अशा ॲपनं कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग आणि फोनमधल्या फाइल्स बघायच्या नाहीत. केवायसीपुरता कॅमेरा किंवा लोकेशन एकदा मागता येतं. कॉन्टॅक्ट्स मागणारं कर्जाचं ॲप दिसलं की ते तिथेच काढून टाका, व्याजाचा दर वाचायचीही गरज नाही.

सेटिंग्जमध्ये गुगलच्या पानावर 'ॲड्स' असतं, त्यात 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' दाबा. जाहिराती येतच राहतात, पण वेगवेगळ्या ॲपना एकाच ओळखीवर तुमची माहिती जोडणं अवघड होतं. यानं कुठलंही ॲप बिघडत नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे (अँड्रॉइड ९ पासून). डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. तिथे इंग्रजी अक्षरांत 'डीएनएस डॉट ॲडगार्ड डॅश डीएनएस डॉट कॉम' भरलं की ॲपमधल्या आणि वेबसाइटवरच्या बऱ्याच जाहिराती व ट्रॅकर बंद होतात. यूट्यूबच्या जाहिराती जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात. हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायचं लॉग-इन पान उघडेना झालं तर हेच कारण असतं. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा. हेही ध्यानात घ्या की यात तुम्ही कुठल्या साइट उघडता ते टेलिकॉम कंपनीऐवजी डीएनएस चालवणाऱ्याला जास्त दिसतं. मला हा सौदा परवडण्यासारखा वाटतो, पण तो सौदाच आहे.

'फोन आपलं बोलणं ऐकतो' हे घरोघरी ऐकू येतं. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवी खूण येते, आणि प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये गेल्या चोवीस तासांत कोणी माइक वापरला ते वेळेसकट दिसतं. तिथे बघा. मिक्सरवर गप्पा झाल्या आणि मिक्सरची जाहिरात आली, यामागे बहुतेकदा साधं कारण असतं: घरात दुसऱ्या कोणीतरी त्याच वायफायवर मिक्सर शोधलेला असतो. एका वायफायवरचे सगळे फोन बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात.

व्हॉट्सॲपला दोन मिनिटं पुरतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये झेरॉक्सवाल्याचा किंवा ऑफिसचा जुना कॉम्प्युटर अजून जोडलेला असेल तर काढा, बॅकअपचं एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता न येणारं कुलूप) चालू करा. त्या बॅकअपचा पासवर्ड विसरलात तर व्हॉट्सॲपही तो परत देऊ शकत नाही. वहीत लिहून कपाटात ठेवा.

राउटर आणि कॅमेरा

घराचं हे दार वर्षानुवर्षं सताड उघडं राहतं. राउटरच्या खालच्या स्टिकरचा आधी फोटो काढा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाका (इंग्रजी आकड्यांत). जिओचा राउटर असेल तर १९२.१६८.२९.१. आत गेल्यावर ॲडमिनचा पासवर्ड बदला. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, राउटरच्या सेटिंगचा. मग डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय) बंद, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग उघडणं) बंद, यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद, वायफायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३. यूपीएनपी बंद केल्यावर घरात प्लेस्टेशनसारखं काही असेल तर ऑनलाइन खेळात अडचण येऊ शकते, तेव्हा त्याची गरज बघून ठरवा.

एक चूक फार होते. पासवर्ड आठवत नाही म्हणून राउटरच्या मागच्या छिद्रात पिन घालून दहा सेकंद दाबतात. लोकल केबलवाल्याचा फायबर असेल तर त्यासोबत इंटरनेटचा यूजरनेम आणि पासवर्डही पुसला जातो, आणि माणूस येईपर्यंत नेट बंद. आधी कस्टमर केअरला फोन करून पासवर्ड विचारा, रीसेट अगदी शेवटी.

राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) चालू करा आणि टीव्ही, कॅमेरे, स्मार्ट बल्ब त्यावर टाका. घरचे फोन आणि लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर. बल्ब आणि स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, म्हणून गेस्ट नेटवर्क त्या बँडवर ठेवा. टीव्ही गेस्टवर गेला की फोनवरून कास्ट होत नाही, म्हणजे फोनवरचं टीव्हीवर दाखवता येत नाही. कास्ट करायची सवय असेल तर टीव्हीला मुख्य नेटवर्कवर राहू द्या आणि फक्त कॅमेरे वेगळे काढा.

कॅमेऱ्यांना मात्र पूर्ण एक तास द्या. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडकडच्या रो-हाऊसमध्ये चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) हा आता नेहमीचा संच झाला आहे. फिटिंगवाला येतो, डीव्हीआर टीव्हीखाली ठेवतो, त्याच्या अंगावरचा क्यूआर कोड स्वतःच्या मोबाइलनं स्कॅन करतो, चित्र येतंय ना ते बघतो, मग तुमच्या मोबाइलवर ॲप टाकून 'शेअर' करतो. बिल देऊन आपण मोकळे होतो. पण लक्षात घ्या, काय झालं: डीव्हीआर ज्या खात्याला जोडला गेला ते खातं त्याचं आहे. तुम्ही आपल्याच घराच्या कॅमेऱ्याचे पाहुणे आहात. त्याच्या मोबाइलवर अशी पन्नास घरं असू शकतात, आणि पासवर्ड सगळीकडे एकच, बहुधा स्वतःच्या सोयीनं ठेवलेला 'ॲडमिन' आणि १२३४५ च्या घरातला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले ते असल्याच न बदललेल्या पासवर्डांच्या छोट्याशा यादीच्या जोरावर.

आपल्या ॲपमध्ये डिव्हाइसवर 'शेअर्ड' असं दिसतंय का ते पाहा. दिसत असेल तर फिटिंगवाल्याला फोन करून त्याच्या खात्यातून डिव्हाइस काढायला सांगा, मग तुमच्या खात्यात स्वतः क्यूआर स्कॅन करून जोडा. नवा कॅमेरा घेणार असाल तर बसवतानाच स्कॅन तुमच्या मोबाइलवरून करायला लावा. त्यानंतर डीव्हीआरला माउस जोडून टीव्हीवर त्याचा मेन्यू उघडा. ॲडमिनचा पासवर्ड बदला. 'यूजर्स'मध्ये दुसरी नावं दिसली तर ती पुसा. नेटवर्कच्या भागात पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत येणारी वाट) आणि यूपीएनपी बंद करा. राउटरमध्येही बघा, ८०००, ३७७७७ किंवा ५५४ हे पोर्ट कोणी उघडून ठेवले असतील तर ते बंद करा. अशा आकड्यांवरून बाहेरचे स्कॅनर कॅमेरे शोधतात. गावाला गेल्यावर मोबाइलवर बघायची गरज नसेल तर पी२पी किंवा क्लाउड (ॲपवरून बाहेरून बघायची सोय) हेही बंद करा. रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर होतच राहतं.

हार्ड डिस्क किती दिवस पुरेल याचा हिशेब विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नका. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएसवर रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना ८६ जीबी, म्हणजे एक टीबीत साडेअकरा दिवस. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) निवडून बिटरेट १ एमबीपीएसवर आणला तर तेवीस दिवस. घरफोडी लग्नाला गेल्यावरच होते आणि परत यायला आठवडा लागतो, तेव्हा पंधरा दिवसांखाली जाऊ नका. डीव्हीआरची तारीख-वेळही तपासा. लाइट जाऊन आतला सेल संपला की ती मागे पडते आणि पोलिसांना दाखवताना नेमका तास सापडत नाही.

कॅमेऱ्याचा माइक बंद ठेवा. फाटकावर शेजारीण उभी राहून काय बोलली ते साठवून ठेवण्याचं कारण नाही. समोरच्या घराचं दार किंवा खिडकी चित्रात येत असेल तर मेन्यूत 'प्रायव्हसी मास्क' असतो, त्यानं तेवढा चौकोन काळा करा. बेडरूममध्ये इंटरनेटला जोडलेला कॅमेरा नको, बाळासाठीसुद्धा नको.

स्मार्ट टीव्हीचं थोडक्यात. बरेच टीव्ही स्क्रीनवर काय चाललं आहे ते ओळखून कंपनीला कळवतात, अगदी सेट-टॉप बॉक्सवरचं चित्रसुद्धा. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीला यावरून २२ लाख डॉलर भरावे लागले. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' शोधून बंद करा. टीव्हीवर फक्त केबलच बघत असाल तर त्याला वायफायचा पासवर्डच देऊ नका.

ज्यावर पैसे घालू नयेत

व्हीपीएन विकत घेतला की टेलिकॉम कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीला सगळं दिसतं, एवढाच फरक. बँकेची आणि बहुतेक साइटची वाहतूक एचटीटीपीएसनं आधीच बंद लिफाफ्यात असते. शिवाय एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) आदेशानं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून नेले. फुकट व्हीपीएन तर टाकूच नका. फोनसाठी क्लीनर, बूस्टर, बॅटरी डॉक्टर हेही नको. ही ॲप स्वतःच परवानग्यांची भली मोठी यादी मागतात. इन्कॉग्निटोमध्ये फक्त तुमच्या फोनवर हिस्टरी राहत नाही, वेबसाइटला आणि ऑफिसच्या वायफायला तुम्ही दिसताच. त्यापेक्षा फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारी जोडणी) टाका. ते फुकट आहे आणि अँड्रॉइड मोबाइलवरही चालतं.

जुना फोन विकताना

एमजी रोडला फोन एक्स्चेंज करायला जाण्याआधी घरीच हे उरकून घ्या. फोटोंचा बॅकअप, मग यूपीआय ॲपमधून खातं काढणं, मग सेटिंग्जच्या 'अकाउंट्स'मधून गुगल खातं काढणं, आणि शेवटी 'इरेज ऑल डेटा'. हा क्रम उलटा झाला, खातं न काढता रीसेट मारला, तर फोन नव्या माणसाला तुमच्या गुगलचा पासवर्ड मागत बसू शकतो. मग दुकानातून फोन येतो, 'साहेब, तेवढा पासवर्ड सांगा'. तो सांगायचा नाही. स्वतः जाऊन टाकायचा आणि खातं काढायचं. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह आलेल्या फोनमधली माहिती एन्क्रिप्टेड असते, त्यामुळे रीसेटनं किल्लीच नष्ट होते आणि फोटो परत काढता येत नाहीत. मेमरी कार्डाचं तसं नाही. ते बहुधा साधंच असतं आणि फॉर्मॅट केलं तरी त्यातले फोटो फुकटच्या सॉफ्टवेअरनं परत येतात. ते विकायचंच नाही, सिमसोबत काढून खिशात टाका. काउंटरवर फोन चालू करून बघा: भाषा निवडायचा पहिला स्क्रीन आला आणि खातं न मागता पुढे सरकला, तर फोन हातावेगळा करायला हरकत नाही.